रात्रपाळीची शिदोरी

अमेरिकेतील खाद्यगाड्यांचा इतिहास २००८च्या लॉस एंजेलिसपासून सांगण्याची रीत पडली आहे. ती उथळ आहे. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट (कादंबरीकार नव्हे!) याने वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडीतून खाणे विकण्यास आरंभ केला. उपाहारगृहे लवकर बंद होत आणि छापखान्यातील रात्रपाळी उपाशी राही. मुद्रणाचा इतिहास लिहिताना ही भूक आपण सहसा विसरतो. पुढे अनेक शहरांनी सकाळी गाड्या हटवण्याचे नियम केले. तेव्हा कित्येकांनी जागा घेऊन चाके काढली. त्यांतून ‘डायनर’ जन्मले. ॲन हेवन या विधवेने पतीच्या विम्याच्या रकमेतून प्रॉव्हिडन्समध्येच काढलेल्या गाडीची चाके मात्र राहिली. मालक बदलले, घोडा जाऊन ट्रक आला, आणि ती रात्री नगरभवनाशेजारी उभी राहत आली.