जोडलेलं दिसतं, पण आहे का?

गेला अख्खा आठवडा एका डक्टमागे गेला. (ज्यांना माझा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पुण्यात बसून दूरदेशीच्या इमारतींची संगणकावर मॉडेलं करायची, आणि त्यातले हवेचे डक्ट माझ्या वाट्याला. आई अजूनही लोकांना "ती एसीचं काहीतरी करते" एवढंच सांगते.)

तर झालं असं. हॉस्पिटलचा एक मजला. त्यावर संसर्गजन्य रोग्यासाठी वेगळी ठेवलेली एक खोली. अशा खोलीतून हवा आत येते त्यापेक्षा जास्त बाहेर ओढून घेतात, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा पॅसेजमध्ये जात नाही. ही हवा ओढणारा डक्ट मुख्य डक्टला व्यवस्थित मिळालेला दिसत होता. प्लॅनमध्ये दिसत होता, सेक्शनमध्ये दिसत होता, फिरवून फिरवून पाहिलं तरी दिसत होता. पण मुख्य डक्टमधल्या हवेच्या बेरजेत त्या खोलीची हवाच नव्हती!

आमच्या मोठ्या काकांना फोनवर हे सांगितलं. काकांनी उमेदीची वर्षं मुंबईत पत्र्याच्या कामात काढली, डक्ट कापणं, वाकवणं, चढवणं सगळं केलं. ते म्हणाले, "अगं, जोडलेला दिसतोय ना? मग जोडलेलाच आहे. आमची पोरं साइटवर जोडतील की!"

इथेच सगळी गोम आहे. पोरांनी तो जोडलाच असता. नकाशात मिळालेला दिसतोय म्हटल्यावर चार नटबोल्ट आवळून मोकळी झाली असती. पण पंखा आधीच निवडलेला असता, तोही त्या खोलीची हवा न धरता. पत्रा जोडलेला, आकडा सुटलेला. आणि हे वरून बघून कुणालाच कळलं नसतं.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय : "जोडलेलं" हे चित्रात कधीपासून लिहायला लागले?

काकांच्या काळी ते चित्रात नव्हतंच. ट्रेसिंग पेपरवर दोन समांतर रेघा, मध्ये मापं, टोकाला बाण. अमोनिया प्रिंट साइटवर जायची आणि तिथे बीम आडवा आला की मिस्त्री खडूने जमिनीवर नवं वळण आखायचा. सांधा म्हणजे अँगलची फ्लँज, मध्ये रबर, वर नटबोल्ट. पत्र्याचं गेज वगैरेसाठी भारतीय मानक होतं (आयएस ६५५, साल १९६३), पण अमुक फाटा अमुक फाट्याला मिळतो ही गोष्ट राहायची मिस्त्रीच्या हातात आणि ड्राफ्ट्समनच्या डोक्यात. कागदावरच्या रेघेला ती कुणाला भेटली याचा पत्ता नसे.

मोठमोठ्या वास्तुकारांनाही डक्ट म्हणजे डोकेदुखीच. आपल्या अहमदाबादच्या आयआयएमचा लुई कान घ्या. त्याला डक्ट आणि पाइप मनापासून आवडत नसत, आणि म्हणूनच त्यांना त्यांची हक्काची जागा द्यायला हवी, नाहीतर ते घुसखोरी करून इमारतीची वाट लावतील, असं तो म्हणे. १९६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळांमध्ये त्याने हवेसाठी विटांचे वेगळे मनोरेच बांधले आणि मजल्यांखालच्या काँक्रीटच्या जाळीदार तुळयांतून डक्ट ओवले. मला हा मनुष्य फार आवडतो. तिरस्काराचं इतकं विधायक रूप दुसरं आठवत नाही. :-)

त्याच सुमारास तिकडे एमआयटीत आयव्हन सदरलँड पीएच.डी. करत होता. १९६३ चा त्याचा प्रबंध 'स्केचपॅड' नावाच्या प्रणालीवर आहे. टीएक्स-२ हा खोलीभर संगणक, त्याचा पडदा आणि हातात प्रकाशाचं पेन. पडद्यावर रेघा काढणं हे नवल होतंच, पण माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. पेन आधीच्या एखाद्या बिंदूजवळ नेलं की ते त्या बिंदूकडे ओढलं जाई, आणि नवी रेघ त्याच बिंदूला बांधली जाई. दोन रेघांना मिळून एकच बिंदू. तो हलवला की दोघी हलणार. कोण कुणाला जोडलंय ही माहिती यंत्र चित्राबरोबरच साठवून ठेवत होतं. विजेच्या सर्किटच्या आकृत्यांना याचा उपयोग होईल हेही सदरलँडने ओळखलं होतं.

म्हणजे आमच्या पिवळ्या इशाऱ्याच्या चिन्हाचे मूळपुरुष हे! (त्या चिन्हाकडे येतेच.)

आता कुणालाही वाटेल की पुढे सगळी नकाशाची सॉफ्टवेअरं याच वाटेने गेली असतील. तसं झालं नाही. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि जगभरातल्या ड्रॉइंग बोर्डांची जागा त्याने घेतली. पण ते होतं इलेक्ट्रॉनिक कागद. प्रत्येक रेघेकडे आपापल्या दोन टोकांचे आकडे. दुसऱ्या रेघेच्या टोकावर नेमकं टोक टेकवायची सोय होती, टेकवलं की आकडे सारखे होत, एवढंच. शेजार होता, नातं नव्हतं. एक हलवली तर दुसरी जागच्या जागी. मी सुरुवात याच्यावरच केली. रात्र रात्र जागून दुरुस्त केलेले फाटे आठवतात. त्या चित्राने कधी तक्रार केली नाही हेच त्याचं सुख होतं.

याउलट विचार करणारा माणूस होता चार्ल्स ईस्टमन. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वास्तुकारांच्या संस्थेच्या मासिकात त्याचा लेख आला. इमारतीसाठी चित्रांऐवजी संगणकच वापरा, असा त्याचा सरळ मुद्दा. एकच भिंत प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये, एलिव्हेशनमध्ये वेगवेगळी काढायची आणि बदल झाला की तिन्हीकडे खोडायची, यापेक्षा इमारतीचं एकच वर्णन यंत्रात ठेवा आणि चित्रं त्यातून काढून घ्या. तेव्हाची यंत्रं बिचारी त्याच्या मानाने फार लहान होती. आज ज्याला सगळे 'बिम' म्हणतात ते नाव तर शोधनिबंधातून पुढे आलं १९९२ मध्ये. ईस्टमन २०२० साली गेले, तोवर त्यांचं म्हणणं जगाने मान्य केलेलं होतं.

मधलं थोडक्यात सांगते. यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या दोघांनी, लिओनिड रेझ आणि अर्विन युंगराइस यांनी, १९९७ मध्ये कंपनी काढली. २००० साली रेव्हिट आलं. २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनी १३ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. भिंती, दारं, खिडक्या पहिल्या आल्या. डक्टवाल्यांसाठीची आवृत्ती निघायला २००६ उजाडलं. हवा नेहमीच शेवटच्या पंगतीला!

या आवृत्तीत प्रत्येक डक्टच्या, एल्बोच्या, ग्रिलच्या तोंडाशी एक 'कनेक्टर' असतो. त्याला आपला आकार माहीत असतो, माप माहीत असतं, हवा आत जाणार की बाहेर हे माहीत असतं, आणि आपण पुरवठ्याच्या हवेचे की बाहेर टाकायच्या हवेचे हेही. दोन कनेक्टर एकमेकांना भेटले तरच हवेचा आकडा पुढे सरकतो. नाही भेटले तर, तसं विचारल्यास, त्या तोंडाशी पिवळं चिन्ह येतं. काकांच्या मिस्त्रीच्या हातात जे ज्ञान होतं त्यातला एक तुकडा पहिल्यांदाच चित्राच्या पोटात गेला.

माझ्या डक्टच्या बाबतीत मी ते चिन्ह सुरू करून बघितलंच नव्हतं. डोळ्यांवर भरवसा! शेवटी डक्टवर कर्सर नेऊन टॅब दाबला. जोडलेलं जाळं उजळत उजळत गेलं आणि मुख्य डक्टच्या अलीकडे थांबलं. तिथे एक व्हॉल्व्ह होता, बाहेरून तयार आणून मॉडेलमध्ये बसवलेला. त्याचं एक तोंड बाहेर टाकायच्या हवेचं, आणि दुसरं, कुणाच्या तरी घाईत, पुरवठ्याच्या हवेचं म्हणून नोंदलेलं. पलीकडचा डक्ट त्याच्याशी नातं जोडायला तयार नव्हता. आधी कुणीतरी (कदाचित मीच) वैतागून तो नुसता टेकवून ठेवला होता. उंचीत तीन मिलिमीटरचा फरक. पडद्यावर तीन मिलिमीटर कुणाला दिसतात? व्हॉल्व्ह उघडून नोंद सुधारली, डक्ट पुन्हा ओढला, आकडा धावत पंख्यापर्यंत गेला. काम वीस मिनिटांचं, शोध आठवड्याचा.

पण उलटंही होतं बरं का. २०११ साली अमेरिकेतल्या बांधकाम व्यवसायाच्या साप्ताहिकात एका विद्यापीठाच्या इमारतीची हकीकत आली होती. मॉडेलमध्ये सीलिंगवरच्या जागेत डक्ट, पाइप सगळं चपखल बसलं होतं. फक्त ते एका ठरावीक क्रमानेच चढवलं तर मावणार होतं, आणि हा क्रम कंत्राटदाराला कुणी सांगितलाच नाही. सुमारे सत्तर टक्के काम झाल्यावर जागा संपली. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं, लाखो डॉलरची तडजोड झाली. तिथे सगळे कनेक्टर जोडलेले होते. डिझाइन करणारे आणि चढवणारे यांच्यामध्ये मात्र पिवळं चिन्ह दाखवायची सोय नव्हती.

काल रात्री काकांना पुन्हा फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "आम्ही पंखा चालू करून फ्लँजपाशी उदबत्ती धरायचो. धूर हलला की सांधा गळतोय. तुमच्याकडे उदबत्ती कोण धरणार?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये साइटवाल्यांना विचारायच्या प्रश्नांत हा पहिला लिहून ठेवलाय. उदबत्ती हा शब्द इंग्रजीत कसा सांगायचा तेवढं बघायला हवं.