उ उषाचा

बचत गटाचं काम करताना आमच्या पिशवीत कायम एक शाईचा पॅड असतो. नवा गट झाला की खातं उघडायचं, ठरावावर सह्या घ्यायच्या, आणि दहाजणींतल्या दोघी-तिघी तरी "माझा अंगठाच आहे ताई" म्हणत पदराला हात पुसत पुढं येतात. मग पुढचे काही महिने बैठकीत हप्ते गोळा करता करता आम्ही त्यांना सही शिकवतो. म्हणूनच 'उ उषाचा' या मराठी लघुपटाची गोष्ट आम्हाला परक्या जगातली वाटली नाही.

रोहन परशुराम कानवडे यांनी हा लघुपट २०१९ मध्ये केला. जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा. उषा शेतमजुरी करते, एकटीनं संसार ओढते, तिला लिहिता-वाचता येत नाही. गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाईंकडे तिचं मन ओढ घेतं. बाईचं मन, बाईकडे. आणि त्या ओढीपायी ती अक्षरं गिरवायला लागते. आपल्या अंकलिपीत उ उखळाचा असतो, इथं तो उषाचा होतो.

अशा नात्यांवरच्या लघुपटांचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. १९९६ मध्ये मुंबईत रियाद वाडिया यांनी 'बॉमगे' नावाची छोटीशी फिल्म केली. ती आर. राज राव यांच्या कवितांवर होती, आणि हे राव सर पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. आपण लोणावळा लोकलनं ज्या पुण्याला जातो, तिथलेच. पण ही फिल्म थिएटरात लागण्यासारखी परिस्थिती नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम अशा संबंधांना गुन्हा ठरवत होतं. त्याआधी कितीतरी वर्षं र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्या प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली, तर त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. (हे आम्हाला बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. शाळेतले धोंडो केशव कर्वे तेवढे माहीत, त्यांचा मुलगा नाही.)

१९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमाचा 'फायर' आला तेव्हा मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली. २००३ चा श्रीधर रंगायन यांचा 'गुलाबी आईना' तर सेन्सॉरनंच अडवला. मोठ्या पडद्याची वाट अशी बंद असल्यावर माणसं छोटी फिल्म करणारच. पैसा कमी लागतो, ओळखीची चार माणसं कामाला येतात, आणि ती एखाद्या खोलीत पन्नास जणांना दाखवता येते. २०१० मध्ये मुंबईत 'कशिश' हा महोत्सव सुरू झाला आणि या फिल्मांना हक्काची जागा मिळाली.

मराठीत 'उंबरठा'मध्ये, म्हणजे १९८२ मध्ये, महिलाश्रमातल्या दोघींचं नातं थोडंसं दिसलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. तेंडुलकरांच्या याच कथेवर रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला. काळ स्वातंत्र्य मिळण्याच्या सुमाराचा, सुमित्राच्या भूमिकेत वीणा जामकर. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट लघु कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि पुढच्या वर्षी 'बायोस्कोप' या चित्रपटातून तो थिएटरातही आला. देशाला स्वातंत्र्य मिळतंय आणि या मुलीला स्वतःचं मन बोलायची सोय नाही, ही त्यातली ठसठस.

आमची एक तक्रार आहे, ती नाटकाबद्दल. नाटकातली मित्रा शेवटी जीव देते. मावळात काय आणि कुठं काय, न बसणाऱ्या बाईची गोष्ट विहिरीपाशी संपवायची आपल्याला सवयच आहे. शिवाय ही सगळी शिकलेली, शहरातली माणसं. उषाचं वेगळेपण आम्हाला इथंच दिसतं. ती मजुरीवर जाणारी आहे, आणि ती मरायला नाही, शिकायला निघालीय.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गटातली बाई खात्यावर वारस म्हणून मैत्रिणीचं नाव लावायचं म्हणाली. दोघी एकाच घरात राहत, मजुरीला बरोबर जात, आजारपण एकमेकींचं काढत. आम्ही तिला सांगितलं, "तसं चालत नाही, भावाचं नाव लाव." खरं तर बँकेचा असा कुठलाच नियम नव्हता. आम्हीच तो तिच्यापुढं ठेवला, आणि जो भाऊ दिवाळीलाही येत नव्हता त्याचं नाव कागदावर गेलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना वारस नेमायला काही आडकाठी नाही. लग्नाचं मोठं, पण आमच्या कामात हा वारसाचा कागद रोजचा.

'उ उषाचा' करणाऱ्या त्याच कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा पहिला मोठा चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, आणि गावातला त्याचा लहानपणचा मित्र. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वात मोठं पारितोषिक त्याला मिळालं. मराठीत बोलणारी, शेताच्या बांधावरची माणसं.

भातलावणी उरकल्यावरच्या बैठकीत आम्ही उषाची गोष्ट तोंडी सांगितली. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. एकीनं "मूल असून?" असं विचारलं. मग एक वयस्क मावशी म्हणाल्या, "असतात की अशा. आमच्या माहेराला दोघी होत्या. एकीला लांब दिली." पुढं त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

बैठक संपल्यावर ती वारसवाली बाई थांबली. म्हणाली, "ताई, तो कागद बदलता येतो का?" येतो, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बँकेतून वारस बदलाचा अर्ज आणला. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचाच वेळ गेला. तिनं पेन घेतलं आणि स्वतः 'मैत्रीण' लिहिलं. खाली सही केली. शाईचा पॅड पिशवीतच राहिला.