गुलाबरायची रात्र

केदार-बदरीच्या यात्रामार्गावर रुद्रप्रयागच्या परिसरात १९१८ ते १९२६ या काळात एका नरभक्षक बिबट्याने, सरकारी नोंदीप्रमाणे, १२५ माणसांचे बळी घेतले. १९२६ च्या मे महिन्याच्या प्रारंभी गुलाबराय येथे जिम कॉर्बेट रात्री आंब्याच्या झाडावर दबा धरून बसला होता. खाली बांधलेल्या शेळीच्या गळ्यातील घंटा खणखणली. विजेरीच्या झोतात त्याने गोळी झाडली आणि विजेरी विझली. श्वापद पडले की निसटले, हे कळेना. जखमी बिबट्यामागे अंधारात उतरणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण! त्याने झाडावरच रात्र काढली. उजाडताच रक्ताचा माग घेत तो उतारावरून गेला. सुमारे पन्नास यार्डांवर, एका खळग्यात, बिबट्या मृत आढळला. यात्रेकरूंची वाट निर्भय झाली. त्या यशात अचूक नेमाइतकाच पहाटेपर्यंतच्या संयमाचाही वाटा होता.