खोडदची दुर्बीण आणि मंगळाची हवा

१. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याचे क्षीण संकेत तिने सुमारे पावणेदहा मिनिटांनी टिपले. प्रकाशाच्याच वेगाने येणाऱ्या या संकेतांना त्या दिवशी मंगळाहून पोहोचायला तेवढा वेळ लागत होता. विरळ हवेच्या रोधाने वेग घटला, पॅराशूट उघडले, तसतशी संकेताची वारंवारता बदलत गेली. त्यावरून उतरणीचे टप्पे वाचता आले. जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेआधीच संकेत तुटला. यान आदळले होते. त्या संध्याकाळी मंगळ नैर्ऋत्य आकाशात होता. पण नुसत्या डोळ्यांना दिसणार तो तांबूस ठिपकाच. — संपा.