मस्तिष्क-मेरुद्रव गळतीचा रंजकाद्वारे शोध
मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीचा द्रव कवटीच्या तळाला पडलेल्या छिद्रातून नाकात गळू लागल्यास त्याच वाटेने जंतू आत शिरून मस्तिष्कावरणशोथ होण्याचा धोका असतो. हा द्रव पाण्यासारखा रंगहीन असल्यामुळे छिद्र नेमके हुडकणे ही शस्त्रक्रियेतील मुख्य अडचण होती. आडोल्फ फोन बेयर यांनी १८७१ मध्ये तयार केलेले फ्लुओरेसीन हे रंजक येथे उपयोगी पडले. जमिनीत लुप्त होणारे डॅन्यूब नदीचे पाणी आख झऱ्यातून बाहेर पडते, हे १८७७ मध्ये याच रंजकाने सिद्ध झाले होते, तत्त्व तेच. किर्चनर व प्राउड यांनी १९६० मध्ये ते मेरुद्रवात टोचून गळती शोधली. ऑस्ट्रियातील मेसरक्लिंगर यांनी १९७२ मध्ये त्यास नाकात घालावयाच्या दुर्बिणीची जोड दिली आणि व्हीगांट यांनी १९८१ मध्ये दुर्बिणीतूनच छिद्र बुजविल्याचे प्रसिद्ध केले.

खरा प्रश्न मात्रेचा होता. जास्त मात्रेमुळे काही रुग्णांना झटके आले, पायांतील शक्ती गेली. म्हणून आता सामान्यतः १० टक्के विद्रावाचा केवळ ०·१ मिलि. भाग रुग्णाच्याच १० मिलि. द्रवात मिसळून कमरेच्या मणक्यांतून सावकाश टोचतात. निळ्या प्रकाशात गळतीची जागा हिरवट पिवळी चकाकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची या वापरास मान्यता नाही. त्यामुळे रुग्णाला धोक्याची कल्पना देऊन संमती घेणे आवश्यक ठरते.