साखर आणि आखडलेला खांदा

फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेताना खांद्यातून कळ येते, सदऱ्याची बाही चढवताना हात मागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. पन्नाशीतल्या माणसाने अशी तक्रार केली की ‘वय झाले’ असे म्हणून आपण विषय संपवतो. पण त्याला बरीच वर्षे मधुमेह असेल, तर दुखण्याचे मूळ साखरेत असू शकते. हा संबंध उमगायला वैद्यकाला बराच काळ लागला. त्याचीच हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

खांदा हा उखळीचा सांधा. त्याभोवती चिवट तंतूंचे सैलसर आवरण असते. ते सैल असते म्हणूनच हात सर्व बाजूंना फिरतो. 1872 मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक सिमाँ द्युप्ले यांनी आखडलेल्या खांद्याचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध अजून तेवीस वर्षे दूर होता. दोष सांध्यात नसून भोवतालच्या भागात आहे, असे त्यांचे मत होते. 1934 मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव दिले. 1945 मध्ये ज्यूलियस नेव्हियासर यांनी दाखवले की, सांध्याचे आवरणच जाड होऊन आकसते. विकाराची जागा सापडली. कारण मात्र सापडले नव्हते.

आता दुसरा धागा पाहू. लहान वयात मधुमेह झालेली मुले पूर्वी फार जगत नसत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. पुढे रुग्ण वीस-तीस वर्षे मधुमेहासह जगू लागले, तेव्हा डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांच्याबरोबरच सांध्यांच्या तक्रारीही दिसू लागल्या. 1957 मध्ये डेन्मार्कच्या क्नुड लुंडबेक यांनी दीर्घकालीन मधुमेहात हात ताठरतात, हे नोंदवले. 1972 मध्ये जे. एफ. ब्रिजमन यांनी खांद्यांची मोजदाद केली. 800 मधुमेहींपैकी 10.8 टक्के लोकांचे खांदे आखडलेले होते, तर मधुमेह नसलेल्या 600 जणांत हे प्रमाण 2.3 टक्केच होते. द्युप्ले यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी हा संबंध असा आकड्यांत मांडला गेला.

साखर आवरणापर्यंत पोहोचून करते काय? पाव भाजताना त्याचा पृष्ठभाग तपकिरी होतो, कारण पिठातील शर्करा आणि प्रथिने यांचा संयोग होतो. ही अभिक्रिया फ्रान्सच्या लुई मायार यांनी 1912 मध्ये वर्णिली. शरीराच्या तापमानालाही ती घडते, पण अतिशय मंद गतीने. सांध्याच्या आवरणातील कोलॅजेन हे प्रथिन वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे साखरेला पुरेसा अवधी मिळतो. तंतूंमध्ये आडवे बंध तयार होतात आणि आवरणाची लवचिकता कमी होते. खांदा आखडण्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते; सूज आणि इतर घटकांचाही त्यात वाटा असतो.

हाच ताठरपणा बोटांतही येतो. नमस्कार करताना दोन्ही तळवे व बोटे पूर्ण जुळली नाहीत, तर डॉक्टर त्याला एक खूण मानतात. वर्गात हे करून दाखवता येईल. मात्र त्यावरून कोणी निदान करू नये.

मधुमेहींचा खांदा मोकळा व्हायला बहुधा अधिक काळ लागतो. सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतल्यास काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि मधुमेह आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याचा खांदा विनाकारण आखडला, तर त्याला रक्त तपासून घ्यायला सांगावे. खांदा कधीकधी साखरेची पहिली वर्दी देतो.