५९ दिवस आणि एक दुपार

५९ दिवस आधी. १४ मार्च २०१७, मंगळवार.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजची डागडुजी पाठवतं. या वेळच्या यादीत एमएस १७-०१० हा क्रमांक आहे. एका संगणकानं दुसऱ्याला फाइल द्यायची जी जुनी सोय आहे, तिच्यात भोक सापडलंय. त्यातून परका माणूस पासवर्ड न देता आत शिरू शकतो आणि हवा तो प्रोग्रॅम चालवू शकतो. धोक्याची श्रेणी सगळ्यात वरची. ठिगळ फुकट आहे. ते लावायचं आणि संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच काम.

५६ दिवस आधी.
ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, संगणक शाखा रुग्णालयांना कळवते: हे ठिगळ लावून घ्या.

२८ दिवस आधी. १४ एप्रिल.
'शॅडो ब्रोकर्स' नावाची टोळी हत्यारांचा एक साठा इंटरनेटवर उघडा करते. ही हत्यारं अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडची मानली जातात. त्यातल्या 'इटर्नलब्लू'चा नेम नेमका त्याच भोकावर आहे. आता कोणताही चोर ते उचलू शकतो. ठिगळ लावलेल्या संगणकाला त्याची भीती नाही. बाकीच्यांसाठी मात्र दिवस मोजायला इथून सुरुवात झाली.

१४ दिवस आधी. २८ एप्रिल.
रुग्णालयांना दुसरी सूचना जाते. ती पाळली का, हे तपासण्याची कोणतीही पक्की पद्धत आरोग्य खात्याकडे नाही. माझ्या मते खरी चूक इथे आहे. रुग्णालयाची अडचण मला समजते. तपासणी यंत्राला जोडलेला संगणक मध्येच बंद करता येत नाही, आणि अपडेटनंतर यंत्र अडलं तर रांगेतल्या रुग्णाला काय सांगायचं? पण अशा वेळी त्या संगणकाला बाकीच्या जाळ्यापासून वेगळं ठेवता येतं. त्यासाठी कुणीतरी विचारायला हवं होतं, 'झालं का?'

१२ मे, शुक्रवार. लंडनमध्ये सकाळचे पावणेनऊ, भारतात दुपारचे सव्वा.
इटर्नलब्लू वापरणाऱ्या 'वॉनाक्राय' व्हायरसचा फैलाव सुरू होतो. कुणी फसवी ईमेल उघडलेली नाही, कुणी चुकीच्या जागी क्लिक केलेलं नाही. एक संगणक बाधला की तो स्वतःच पुढचं उघडं दार शोधतो. फाइली कुलूपबंद होतात आणि पडद्यावर लाल चौकट येते: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या.

दुपारी १ च्या सुमारास.
चार रुग्णालय-समूहांकडून इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेला खबर येते. स्पेनमध्ये टेलिफोनिका कंपनी कर्मचाऱ्यांना संगणक बंद करायला सांगते.

दुपारी ४.
खबर देणारे समूह सोळा झालेत. एनएचएस इंग्लंड 'मोठी दुर्घटना' जाहीर करते. लंडनच्या बार्ट्स समूहाकडे निघालेल्या रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या जातात. डॉक्टर कागद-पेन घेतात. ईमेल बंद पडल्यावर निरोप स्वतःच्या मोबाइलवरून, व्हॉट्सॲपवर जाऊ लागतात.

दुपारी ४ वाजून ३ मिनिटं.
डेव्हन परगण्यात सुट्टीवर असलेला २२ वर्षांचा संगणक-सुरक्षा संशोधक मार्कस हचिन्स व्हायरसच्या आत एक निरर्थक अक्षरांचा लांबलचक वेबपत्ता पाहतो. तो पत्ता कुणाच्याच नावावर नाही. फैलाव मोजता यावा म्हणून तो १० डॉलर ६९ सेंटला स्वतःच्या नावावर करतो. व्हायरस पसरण्याआधी त्या पत्त्याला हाक मारत असतो आणि उत्तर आलं की थांबत असतो, हे त्याला नंतर कळतं. फैलाव मंदावतो. तोवर कुलूपबंद झालेल्या फाइली मात्र तशाच राहतात.

त्यानंतर.
इंग्लंडमधल्या २३६ रुग्णालय-समूहांपैकी किमान ८० समूहांच्या कामात खंड पडला. रुग्णांच्या १९ हजारांवर भेटी रद्द झाल्याचा अंदाज निघाला. बाधलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्या विंडोज एक्सपीची देखभाल तीन वर्षांपूर्वी थांबली होती, तिच्यासाठीही मायक्रोसॉफ्टनं घाईनं ठिगळ काढलं. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक अडकले.

४६ दिवसांनंतर. २७ जून २०१७.
युक्रेनमधून 'नॉटपेट्या' हा दुसरा व्हायरस सुटतो. हत्यारांत तेच इटर्नलब्लू, आणि सोबत संगणकांतून उपसलेले पासवर्ड. त्यामुळे एक ठिगळ न लावलेला संगणक शेजारच्या सुरक्षित संगणकांनाही घेऊन बुडतो. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं जगभर कोसळतं आणि न्हावा-शेव्याला, जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलवर, कंटेनरची चढउतार अडते. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचं ठिगळ येऊन १०५ दिवस झाले होते.